दोन बोटं

गुनवोर खुर्चीतून सांगते,
मी बाह्या कोपरापर्यंत दुमडून ऐकतो.
बाहेर वार्डोचा जानेवारी. दुपारचे बारा, आणि खिडकीत
निळसर काहीतरी, ज्याला इथे दिवस म्हणतात.
घरात खरा उजेड एकच, टाकीवरच्या दिव्याचा.
त्याखाली तो शिंपला पसरलाय,
जांभळी झालर, काठाला हिरवे ठिपके.
ते ठिपके डोळे आहेत, ती म्हणते, सावली पाडू नकोस.
मी वाकतो. सावली पडते. तो मिटतो.

'सुरी आण तुझी. कामाची.'
कामाची म्हणजे मासळीच्या कारखान्यातली,
जिने मी अकरा वर्षं कॉडचे काटे काढतोय.
'माझे हात कापतात, सेल्वा.
तुझे कापायला शिकलेत.'

नऊ वर्षं तो या खडकाला धरून आहे.
पोटाखालून निघालेले धागे, भिजल्या सुतासारखे.
ओढायचे नाहीत.
ओढले तर धाग्यांबरोबर पायच उपटून येतो,
मग तो आठवडाभर जगल्यासारखं करतो.
आधीचा एक निळा होता, ती म्हणते,
आणि काच पुसायला लागते, जी स्वच्छच आहे.

सुरी आडवी. पातं दगडाला घासून.
मांसाच्या बाजूने नाही, दगडाच्या बाजूने,
दगडाला काय, त्याला दुखत नाही.
आवाज येत नाही पाण्यात,
मुठीला तेवढा कळतो एकेक धागा सुटलेला.
सहा मोजले. सातवा चिवट.
कपाळावरचा घाम टाकीत पडू नये
म्हणून मान वळवून श्वास घेतला.

'उलटा कर. तळ बघ.
तांदळाच्या कणीएवढ्या गोगलगायी असतात,
रात्री येतात, रक्त पितात.
न्हाणीघरात दोन ब्रश आहेत. निळा आण.'
लाल ओला होता.
निळा कोरडा, किती वर्षांचा कोण जाणे.
मी विचारलं नाही. घासून काढलं.
पाण्यात परत सोडताना थोडा तिरपा धरला,
तीन बुडबुडे निघून गेले.

मग बादली, त्याच टाकीचं पाणी, झाकण,
दोन बाजूंना लोकरीत गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या पिशव्या,
आणि सगळं तिच्या ढकलगाडीवर,
जिच्यावरून ती आजवर बटाटे आणायची.
वारा समुद्राकडून, तोंडात मिठासकट बर्फ.
बर्फ काढणाऱ्या ट्रकमधून एकाने डोकं काढलं.
'बीअर?'
'शिंपला.'
'उकडून की वाफवून?'

माझ्या घरची टाकी तिनेच तीन महिने मुरवली होती.
वहीत तिचं अक्षर: खारटपणा, चुना, पंचवीस अंश.
बारीक नळीला गाठ मारून थेंब थेंब
माझं पाणी त्याच्या पाण्यात. दीड तास.
बसून होतो. आमच्या गावी, जाफन्याजवळ,
शिंपल्या भट्टीत जाळून चुना करायचे.
पांढरा धूर डोळ्यांत जायचा.
हे तिला मी कधी सांगितलेलं नाही.

त्याला वाळूवर ठेवला, चपट्या दगडावर,
दिव्यापासून लांब, दिवा अर्ध्यावर.
वर सरकवायचं महिन्याने, वीतभर.
नव्या घरात कुणाला लगेच उजेडात बसवू नये,
असं ती म्हणाली होती, स्वतःचे कपडे बॅगेत भरताना.

वृद्धाश्रमात टाकी चालत नाही. खोली सहा.
रोज संध्याकाळी सातला फोन.
सोमवारी: बंद.
मंगळवारी: बंद. हात लावलास का? नाही. खोटं बोलू नकोस.
बुधवारी मी कारखान्यातून आलो, बूट न काढता बघितलं,
झालरीचा काठ बाहेर, मळक्या जांभळ्या रंगाचा.
'उघडलाय,' मी म्हटलं. 'दोन बोटं.'
पलीकडे बराच वेळ काही नाही.
कुणाची तरी चमच्यांची ट्रॉली गेली.

'तुझी,' गुनवोरने विचारलं, 'की माझी?'

मी फोन दुसऱ्या हातात घेतला
आणि थंडीने सुजलेली बोटं बघत राहिलो.